टाचणीचा कोपरा

जाखाईच्या तळ्याचे तीन काठ घासूनपुसून लख्ख, अन् चौथ्या कोपऱ्यात लव्हाळ्याचं रान. आलेला पाहुणा विचारतोच, "गुरवकाका, एवढाच कोपरा का सोडला?" रावजी गुरवांच्या कपाळाला आठ्या पडतात. "त्या साफसफाईनंच तर गावाचा घात केला होता! बसा, अन् ऐका."

फार मागं म्हणे पाटलांनी देवीला नवस केला, मुलगा झाला तर तळ्यात काडी राहू देणार नाही. मुलगा झाला. गावानं हौसेनं सगळं लव्हाळं उपटलं. पावसाळा सरला आणि डास असे माजले की घरोघरी हिवताप. ठकूबाईची एकुलती एक भिकी अंथरुणाला खिळली.

ठकूबाईनं देवळात जाऊन जाखाईलाच फैलावर घेतलं. "नवस पाटलाचा, मुलगा पाटलाला, अन् भोगायचं माझ्या पोरीनं?" तशी देवी तिथल्या गुरवाच्या अंगात आली, असं सांगतात. तीही वैतागलेलीच. म्हणाली, "डासांवर मी टाचण्या ठेवल्या होत्या, चतुरासारखे ते बारके उडते किडे. त्या लव्हाळ्याच्या देठात अंडी घालतात, त्यांची पिल्लं पाण्यातच डासांची पिल्लं खातात. माझ्या लेकींची बाळंतिणीची खोलीच उपटलीत की रे!"

गावानं माना डोलावल्या आणि घर गाठलं. किड्यामुंग्यांत टाचणीला विचारतो कोण? मधमाशीचा मध, फुलपाखराचे रंग, चतुराचा निदान रुबाब तरी. ही आपली काडीएवढी, पंख मिटून बसणारी. "उद्या डासाचंही देऊळ बांधू," म्हणून पाटील हसले.

ठकूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. ओढ्यावरून लव्हाळ्याचे गड्डे आणून एकटीनं कोपऱ्यात लावले. नवस मोडतो म्हणून लोक उपटायचे, ती शिव्या घालत पुन्हा लावायची. त्यातच भिकी गेली. लेकीला माती देऊन ठकूबाई घरी गेलीच नाही, काठी घेऊन थेट कोपऱ्यात येऊन बसली.

"आता कशाला गं?" लोकांनी विचारलं.

"तुमची पोरं अजून जिवंत आहेत ना, मेल्यांनो!" ती ओरडली.

मग कुणी हात लावला नाही. लव्हाळं रुजलं, निळ्या टाचण्या आल्या, ताप ओसरला. पहिली टाचणी म्हणे तिच्या काठीवरच बसली होती.

आजही तळं साफ करताना विळेवाले त्या कोपऱ्याशी थांबतात आणि हाक देतात, "ठकूआजी, येऊ का?" सगळे कान देऊन उभे राहतात. लव्हाळं तेवढं हलतं.

"इतक्या पिढ्या झाल्या, म्हातारी अजून एकदाही 'या' म्हणाली नाही," रावजी करवादतात. "अन् तुम्ही मला विचारता, कोपरा का सोडला!"