सदोबा आणि जोडलेला तुकडा

एका गावात एक भोळा संगणकवाला होता, सदोबा. गावात कॅन्सरचं मोठं इस्पितळ. तिथल्या प्रयोगशाळेत शहाणी माणसं मोठ्या खुर्च्यांवर बसली होती, म्हणून काम सदोबाकडे.

काम असं. विषाणू माणसाच्या डीएनएत आपला तुकडा घुसवतो, पुढे गाठ होते. सॉफ्टवेअरने गाठीतले लाखो तुकडे वाचायचे आणि तो नेमका कुठे घुसला ते सांगायचं. या खेपेला गाठ अनसाबाईंची होती. अहवाल मिळाल्याशिवाय डॉक्टर त्यांचे उपचार ठरवणार नव्हते.

सोमवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख पाध्ये मॅडम म्हणाल्या, "सदोबा, माणसाचे तुकडे काढून टाक."

सदोबाने माणसाचा अंश दिसेल तो प्रत्येक तुकडा काढला. विषाणू तेवढा उरला. कुठे घुसला, देव जाणे.

"अरे, अर्धा माणसाचा, अर्धा विषाणूचा, तोच कामाचा. एकटा असेल तो फेक, जोडलेला ठेव."

"असं होय. आधी सांगायचं की."

मंगळवारी अनसाबाईंची फाइल एकटीच दिसली. सदोबाने ती पवार पहिलवानांच्या फाइलला जोडली. अहवाल आला, पहिलवानांच्या गर्भाशयात विषाणू. पहिलवान दोन दिवस जेवले नाहीत.

"आधी फाइली सोडव," मॅडम म्हणाल्या. "आणि एका सॉफ्टवेअरच्या शब्दावर जातोस? दोन चालव. दोघं एकच बोलली तर खरं मान."

"असं होय. आधी सांगायचं की."

गुरुवारी दोन्ही सॉफ्टवेअर एकच जागा बोलली. असं सहसा होत नाही, म्हणून मॅडमनी तीनदा तपासलं. अहवाल पक्का निघाला.

"बाहेर अनसाबाई बसल्यात. नीट खात्री कर आणि अहवाल देऊन तीनच्या आत त्यांना वर डॉक्टरांकडे पाठव."

चारला मॅडम बाहेर आल्या. बाकडं रिकामं.

"अनसाबाई कुठायत?"

"स्टँडवर. सव्वाचारची एसटी. एकट्याच होत्या, म्हणून काढून टाकल्या."

"आणि अहवाल?"

"तो बाकड्यावर शेजारी बसलेल्या जोडप्याला दिला. दोघांना वेगवेगळं विचारलं, कशाला आलात? दोघं एकच बोलले, मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. पक्के निघाले. पाठवलं वर."

तेवढ्यात वरून मोठ्या डॉक्टरांचा फोन. हातात अहवाल दिसल्यावर नाव विचारायचा कमीपणा त्यांनी घेतला नव्हता.

"मॅडम, तुमचा पेशंट ऑपरेशनला राजी आहे. फक्त म्हणतोय, हळदीच्या आधी उरका."

मॅडमनी कपाळ धरलं. "सदोबा, पळ. एसटी सुटायच्या आत अनसाबाईंना घेऊन ये."

सदोबा जागचा हलला नाही.

"मॅडम, हे तुम्ही एकट्याच म्हणताय. दुसरं कुणी हेच बोललं, की निघालोच."