सातव्या खोपटातला हुंकारा

फार वर्षांपूर्वी, निरगुडवाडीत मरीची साथ आली त्या साली, कोंडाई कथेकरीण झाली. साल कोणते, यावर कुणाही दोघांचे पटत नाही. माळावरची खोपटी मात्र सात होती, हे सगळेच सांगतात.

तिचा मामा सटवाजी पंचक्रोशीतला नामांकित कथेकरी. तो गोष्ट सांगे आणि कोंडाई समोर बसून वाक्यावाक्याला 'हूं' म्हणे. हुंकाऱ्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही, हा त्या विद्येचा नियम. वीस वर्षांत साऱ्या गोष्टी तिला मुखोद्गत झाल्या; पण तिने तोंड उघडले की मामा म्हणे, "कोंडे, तुझं काम हूं म्हणायचं. हुंकारा थांबला की सांगणाऱ्यानं गप्प बसावं, एवढं कळलं तरी पुष्कळ."

साथीत गावाने आजाऱ्यांना माळावर नेऊन ठेवले. सातव्या खोपटात सटवाजी होता. आत जायची बंदी होती, म्हणून कोंडाई बाहेर काटेरी कुंपणाशी बसली आणि विहिरीत ढकललेल्या राणीची गोष्ट सांगू लागली. सातही खोपटांतून हुंकारा आला. सातव्यातला सर्वांत उशिरा आला, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पाच हुंकारे आले, तिसऱ्या दिवशी दोन. गोष्ट संपली नाही तर मामाही संपणार नाही, असे कोंडाईने मनाशी धरले. तिने राणीला विहिरीतच ठेवले; शेवाळाचे रंग सांगितले, कपारीतल्या पारव्यांची भांडणे सांगितली.

चौथ्या दिवशी एकट्या सातव्या खोपटाच्या कुडाआडून आवाज आला, "कथेकरीणबाई, पाल्हाळ पुरे. राणीला वर काढ. ती बुडायची नाही, पण मला वेळ नाही."

"उद्या काढते, मामा."

"हूं," मामा म्हणाला. पुढच्या वाक्याला हुंकारा आला नाही.

नियमाप्रमाणे तिने गप्प बसायचे होते. ती बोलत राहिली. तिने दोर सोडला, राणीला वर ओढले, उन्हात उभे केले. आणि त्या प्रत्येक वाक्याला सातही मुक्या खोपटांतून हुंकारा आला, असं म्हणतात. वेशीवरच्या लोकांनी तो ऐकला आणि कानांवर हात ठेवले.

निरगुडवाडीत आजही कुणी मरणाला टेकले की उशाशी कथेकरी बसवतात. कोंडाईचे नाव घेऊन तो पहिल्याच वाक्यात राणीला विहिरीबाहेर काढतो. मग गोष्ट सुरुवातीपासून सांगतो, हुंकारा येईल तेवढी.