पानाचा देठ

“मग जुलाब थांबत का नाहीत, सर?”

विचारणारे डॉ. ओजस मुळावकर. मुलांच्या आजारांत सुवर्णपदक मिळवलेले, आणि तरी खोडवे सरांच्या हाताखाली शिकायला राहिलेले. सर नुकतेच जेवून आले होते. त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला.

समोर पाच वर्षांची मनवा आईला चिकटून उभी. चड्डीला सतत पातळ डाग. ‘बरी झाल्याशिवाय पाठवू नका,’ असं बालवाडीनं कळवलं होतं.

“पोट चाचपलंस?”

“सोनोग्राफी सांगितली आहे.”

“पदक बाजूला ठेव. हात लाव.”

ओजसनं हात लावला. खाली, डाव्या बाजूला, टणक गोळे...

“गोळे लागतात, सर.”

“शी आत साचून घट्ट झाली आहे. तिच्या कडेनं पातळ झिरपतंय. पोरीला कळतही नाही. आणि तू जुलाब बंद करायचं औषध दिलंस.”

“पण कुंथते हो बिचारी,” आई म्हणाली. “दाराआड जाऊन, टाचा उचलून... लालबुंद होते.”

“कुंथत नाही, ताई. अडवते.”

“अडवते? कशासाठी?”

सरांनी सवयीनं विड्याचं पान उचललं. देठ खुडला.

मनवा दाराआड पळाली. टाचा उचलल्या. पाय आवळून घेतले.

सरांनी आधी हातातल्या देठाकडे, मग आईकडे पाहिलं.

“शी झाली नाही की सासूबाई एरंडेल लावून देठ शीच्या जागी घालतात,” आई खाली बघत म्हणाली. “आमच्याकडे सगळ्या पोरांना तसंच करतात, डॉक्टरसाहेब. आणि चड्डी भरली की हिचे बाबा मारतात.”

सरांनी पान परत ठेवलं. डब्याला झाकण लावलं.

“देठ बंद. मार बंद. शी मऊ करणारं औषध देतो. साचलेलं निघेपर्यंत जास्त, मग रोज थोडं. जेवण झालं की पायाखाली पाट देऊन जरा वेळ शीला बसवा. झाली नाही तरी शाबास म्हणा.”

“औषधाची सवय लागेल ना?”

“नाही लागत.”

ओजस हळूच म्हणाला, “पोट मोकळं झालं की औषध थांबवू?”

“नको.”

“मग कधी, सर?”

दाराच्या फटीतून एक डोळा डब्याकडे बघत होता.

सरांनी डबा उचलून टेबलाच्या खणात ठेवला.

“मी तिच्यासमोर पान लावीन आणि ती इथंच खेळत राहील, तेव्हा.”