बारावा ठोका

फार मागे, आमच्या ओढ्याकाठच्या चर्चमधली घंटा बोलायची म्हणे. दर रविवारी पुरते बारा ठोके दे, अशी तिला देवाची आज्ञा होती.

एकदा ती अकरावरच थांबली.

“अगं, एक राहिला की!” दोर ओरडला.

“अकरा दिले ना? एकावाचून देवाचं काय अडतंय!”

अडलं ते कृपाबाईंचं. दृष्टी गेलेल्या त्या बाई ओढ्यातले बारा दगड ठोक्यागणिक एक, असे ओलांडायच्या. घंटा थांबली म्हणजे काठ आला, असं समजून त्यांनी निर्धास्त पाय टाकला, तो पाण्यात. कंबर मोडली, चर्च कायमचं सुटलं.

आता घंटा बाराही ठोके देते आणि हळूच विचारते, “दोरभाऊ, आल्या का रे कृपाबाई?”