केराच्या दरवाजाची कहाणी

ऐका वेसाईमाते, तुझी कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका. मुठीत तांदूळ घेतलेत ना? मग सुनांची गाऱ्हाणी जरा बाजूला ठेवा. कहाणी संपेपर्यंत मूठ सोडायची नाही.

आटपाट नगर होतं. नगराला कोट होता, कोटाला दोन दरवाजे होते. पुढचा तो महादरवाजा. मागचा तो केराचा, नगराचा केरकचरा तिथून बाहेर जाई. नगरात राजाची फौज होती, आणि फौजेची एक रीत होती. ज्याची चाकरी नीट पार पडली तो महादरवाजातून घरी जाई. त्याच्या पागोट्यात तुरा खोवीत, सवाष्ण त्याच्या पायांवर तांब्याभर पाणी घाली, वर चौघडा वाजे. ज्याची चाकरी बुडाली त्याला केराच्या दरवाजातून काढीत. पागोटं काखेत, पाय कोरडे. मग तो कुठंही जावो, लोक विचारीत नसत, बाबा, लढाया किती केल्यास, वार किती झेललेस. विचारीत एवढंच, कोणत्या दारानं आलास?

त्या फौजेत मानकोजी नावाचा शिपाई होता. त्याची बायको भिवरा. एका लढाईत मानकोजीच्या खांद्यात भाला घुसला. वैद्यबुवांनी भाला काढला, जखम बांधली. कळ थांबेना, म्हणून अफूची गोळी दिली. मग कळ थांबली. मग दुसरी दिली, मग झोप लागली. मग जखम भरली, वैद्यबुवा आपल्या वाटेनं गेले, आणि गोळी मानकोजीपाशी राहिली. सकाळी हवी, दुपारी हवी, नाही मिळाली की हात थरथरत.

एके दिवशी भर दुपारी मानकोजी बुरुजावर पहाऱ्याला होता. खाली कुरणात राजाचे घोडे चरत होते. मानकोजीनं गोळी खाल्ली, बुरुजाला पाठ टेकली, डोळा लागला. चोर आले, घोडे हाकून घेऊन गेले. मानकोजी जागा झाला तेव्हा कुरण मोकळं होतं. सरदारानं त्याची कंबर चाचपली, पुरचुंडी निघाली. मग पुढचं मागचं कुणी विचारलं नाही. पागोटं काखेत दिलं आणि केराच्या दरवाजातून बाहेर घातलं.

त्या दुपारी आणखी एक गोष्ट घडली होती. ती मानकोजीनं बायकोला सांगितली नाही. मीही आत्ता सांगत नाही, तिच्या जागी ती येईल.

मानकोजी कोटाबाहेर आपल्या घरी आला. शिपायांच्या आळीत भिवरेला हळदीकुंकवाला बोलावीनात. मानकोजीला कुणी रखवालीला ठेवीना. खांद्याची जखम थंडीत पुन्हा उघडली. मानकोजी फौजेच्या वैद्याकडे गेला. वैद्य म्हणाले, “कोणत्या दारानं आलास?” मानकोजी म्हणाला, “केराच्या.” “मग इथलं औषध तुला मिळायचं नाही.” झालं. ज्या अफूपायी दार बंद झालं, तीच एक कळ थांबवायला उरली. काय करील माणूस?

त्याला घरात चैन पडेना. उठे, दारापर्यंत जाई, परत येई. बसे, पुन्हा उठे. उजाडलं की महादरवाजासमोर जाऊन उभा राही, कुणी हटकलं की माघारी फिरे. भिवरा म्हणे, “अहो, घटकाभर टेका.” तो म्हणे, “टेकतो,” आणि उभाच राही. ताटावरून दोनदा उठे. तिलाही मग घास उतरेना. घर कसं झालं, तर तव्यावर टाकलेल्या मोहरीसारखं.

फौजेची आणखी एक रीत होती. दसऱ्याला, सीमोल्लंघनाच्या आधी, जुने जाणते पंच पिंपळाखाली बसत. ज्याला आपलं दार बदलून हवं त्यानं तिथं येऊन सांगावं. पंचांना पटलं तर बदलून देत, नाही पटलं तर वर्षभर थांबायचं. मानकोजी म्हणाला, “मी पंचांपुढं जातो. चाकरी नको मला. दार तेवढं बदलून मागतो.”

मग श्रावण आला. भिवरा पाण्याला गेली. वेशीपाशी एक म्हातारी बसली होती. कपाळाला शेंदूर, अंगावर फाटकं लुगडं. भिवरेनं तिला ओंजळभर पाणी दिलं. म्हातारी म्हणाली, “बाई, बाई, तोंड का उतरलं?” भिवरेनं सांगितलं. म्हातारी म्हणाली, “वेशीच्या देवीचा, वेसाईचा वसा घे.” “आजी, तो वसा कसा?” “मंगळवारी उठावं, उंबरठा सारवावा, हळदीची बोटं ओढावीत, दिवा लावावा. मग दारात उभं राहून आपल्या घरची कहाणी मोठ्यानं सांगावी. कुणी ऐको, न ऐको. तीत घालू नये, तीतलं काढू नये. दसऱ्याला उद्यापन करावं. पण उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील.” भिवरा म्हणाली, “उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही.” म्हातारी दिसेनाशी झाली.

मंगळवार आला. भिवरेनं उंबरठा सारवला, दिवा लावला, दारात उभी राहिली. आळीतून बाया जात होत्या. भिवरेला लाज वाटली. म्हणाली, “ऐका वेसाईमाते. घरच्यांना भाला लागला. मग ताप आला. तापात डोळा मिटला, आणि राजानं केराच्या दारानं काढलं.” अफूचं नाव तिनं घेतलंच नाही. तुम्ही तरी घेतलं असतं का? शेजारीण कान देऊन उभी असली की आपली जीभ कशी वळते, ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे.

मानकोजी आत बसून ऐके. पहिल्या मंगळवारी त्याला ऐकून कसंसंच झालं. पुढच्या मंगळवारी बरं वाटलं. मग ते त्याच्याही जिभेवर बसलं. दसरा आला, मानकोजी पंचांपुढं गेला. पंचांनी विचारलं, “काय झालं होतं?” तोंडातून जे बाहेर पडलं ते मंगळवारचंच. “मायबाप, ताप आला होता. तापात डोळा मिटला.” थोरले पंच म्हणाले, “कमरेला पुरचुंडी तापाचीच का रे?” मानकोजीची मान खाली गेली. आला तसा गेला. सगळं नगर महादरवाजातून सोनं लुटायला बाहेर पडलं, मानकोजी केराच्या दरवाजातून एकटा.

मग वर्ष गेलं. कसं गेलं, ते त्या दोघांना ठाऊक. पुन्हा श्रावण आला, पुन्हा मंगळवार आला. भिवरेनं उंबरठा सारवला, दिवा लावला. या वेळी थोडा धीर केला. म्हणाली, “घरच्यांना भाला लागला. वैद्यांनी औषध दिलं. औषधानं डोळा मिटला.” औषध म्हणाली. अफू म्हणाली नाही. मानकोजीनं ऐकलं, जिभेवर बसलं. दसऱ्याला पंचांपुढं गेला. “मायबाप, वैद्यांचं औषध होतं.” थोरले पंच म्हणाले, “जखम भरल्यावर कोणत्या वैद्यानं दिलं?” आला तसा गेला.

मग मात्र तो फारच बिथरला. काम मागत तीन घरं फिरून आला, तिन्ही ठिकाणी दाराचंच विचारलं. चौथ्या घरी तो गेला ते अफूवाल्याच्या. मध्यंतरी सुटलेली गोळी पुन्हा सुरू झाली. कधी आठ दिवस सोडी, कधी दोन दिवसांत परत जाई. असं करता करता तिसरा श्रावण आला. भिवरा धोतर धुवायला बसली, तर सोग्याला गाठ. गाठ सोडली, तर गोळी. भिवरेनं ती फेकली नाही, लपवलीही नाही. गाठ होती तशी बांधली आणि तडक वेशीवर गेली.

म्हातारी तिथंच होती. भिवरा म्हणाली, “आजी, तुझा वसा खोटा. उतले नाही, मातले नाही, टाकला नाही. फळ कुठं आहे?” म्हातारी म्हणाली, “मुली, पुरण काढून ठेवायचं, नुसती पोळी दाखवायची, आणि देवी जेवली नाही म्हणून रडायचं? तू अर्धं सांगितलंस. त्याला पंचांपुढं उभं केलं, हे अर्धं फळ मी दिलं. आणखी काय देऊ?” भिवरा खाली बसली. खूप रडली. तिला कळलं की नवऱ्याच्या तोंडात खोटं तिनंच घातलं होतं, दर मंगळवारी, दिवा लावून.

मंगळवार आला. भिवरा दारात उभी राहिली. बाया आल्या, गेल्या. मग डोळे मिटून म्हणाली, “ऐका वेसाईमाते. घरच्यांना भाला लागला. वैद्यांनी अफू दिली. जखम भरली, अफू सुटली नाही. पहाऱ्यावर अफू खाऊन झोपले. घोडे गेले. अजून खातात. काल सोग्याला गोळी सापडली.”

बाया थबकल्या. त्यांत एक भाजीवाली होती, सगुणा तिचं नाव. तिनं पाटी खाली ठेवली. म्हणाली, “अन् पहाऱ्यावरच्या जोडीदाराचं काय झालं? ते नाही सांगितलं, बाई.” भिवरा म्हणाली, “जोडीदार होता, हेच मला ठाऊक नाही.”

तेवढ्यात आतून मानकोजी आला. उंबरठ्यावर उभा राहिला. पुढं मागं झाला नाही. म्हणाला, “तिला ठाऊक नाही. मी सांगतो. माझा जोडीदार सुभानजी. चोर आले तेव्हा त्यानं मला हाका मारल्या. मी उठलो नाही. तो एकटा धावला. घोडा त्याच्या पायावरून गेला. पाय गुडघ्यातून गेला. मी त्याच्या घरी आजवर गेलो नाही. झाली कहाणी.” सगुणा म्हणाली, “मी त्याचीच बायको. चल.”

मग मानकोजी गेला. सुभानजी ओसरीवर कुबडी घेऊन बसला होता. मानकोजीनं त्याच्यापुढं डोकं टेकलं. सुभानजी म्हणाला, “किती दिवस वाट बघत होतो. शिव्या पाठ करून ठेवल्या होत्या. आता तू आलास तर एक आठवत नाही.” मग दोघंही रडले. मग सुभानजी म्हणाला, “तो भाला तुला कसा लागला, ते पंचांना सांगितलंस का?” मानकोजी म्हणाला, “नाही.” “का?” “ते सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागतं. मला तोंड नव्हतं.”

दसरा आला. पिंपळाखाली पंच बसले. मानकोजी उभा राहिला. काही घातलं नाही, काही काढलं नाही. अफू सांगितली, झोप सांगितली, सुभानजीचा पाय सांगितला. मग सोग्याची गाठ सोडली आणि गोळी पंचांपुढं ठेवली. “श्रावणात घेतली होती. ही अजून खाल्ली नाही. उद्याचं वचन देत नाही, मायबाप. आज नाही खाल्ली, एवढंच सांगतो.”

थोरले पंच म्हणाले, “साक्षीला कोण?” कुबडी टेकत सुभानजी पुढं आला. “मी. लढाईत मी पडलो होतो. यानं मला पाठीवर घेतलं आणि धावला. तो भाला माझ्यासाठी आला होता, याच्या खांद्यात बसला. पाय गेला तो याच्यापायी. पण जीव राहिला तोही याच्यापायी.” पंच म्हणाले, “हे त्या वेळी का सांगितलं नाहीस?” सुभानजी म्हणाला, “मी अंथरुणाला खिळलो होतो. मला कुणी विचारायला आलं नाही.”

पंच एकमेकांकडे बघत राहिले. मग थोरले पंच म्हणाले, “पहाऱ्यावर झोपलास, ते पुसता येत नाही. पण आम्ही तुझी एक दुपार पाहिली आणि आधीची लढाई विचारली नाही. चूक तुझी होती, तशी आमचीही झाली. गेलास त्या दारानं आत ये, आणि महादरवाजातून बाहेर जा.”

मग मानकोजी बाहेर जाऊन केराच्या दरवाजातून पुन्हा आत आला, पागोटं काखेत घेऊन. सगळं नगर बघत होतं. महादरवाजाशी आला. तिथं सुभानजीनं त्याला पागोटं घातलं, तुरा खोवला. आता पायांवर पाणी घालायचं. रीत अशी, की पाणी घरच्या बाईनं घालायचं नाही. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी पदर सावरला, कुणी लेकरू कडेवर घेतलं. मग सगुणा पुढं झाली. जिच्या नवऱ्याचा पाय गेला, तिनं तांब्या उचलला. मानकोजीच्या उजव्या पायावर घातलं, डाव्यावर घातलं. वर चौघडा वाजला. दरवाजावरच्यानं हाक दिली, “शिपाई मानकोजी घरी जातो, वाट सोडा.” भिवरेनं तिथंच वेशीला हात जोडले.

मग वैद्यांनी औषध दिलं. जखम भरली, घरातल्या येरझाऱ्या हळूहळू थांबल्या. अफू सुटली का, म्हणाल. सुटली, पण एका दिवसात नाही. दोनदा पडला, दोन्ही वेळा सुभानजीला जाऊन सांगून आला. तिसऱ्यांदा पडला नाही.

पुढं मंगळवार आला की भिवरा उंबरठा सारवी, दिवा लावी. आणि मानकोजी पाण्याचा तांब्या घेऊन केराच्या दरवाजाबाहेर जाऊन बसे. पागोटं काखेत घेतलेला कुणी बाहेर आला, की त्याला खाली बसवी, त्याच्या कोरड्या पायांवर पाणी घाली आणि म्हणे, “सांग बाबा. पहिल्यापासून सांग. मला घाई नाही.”

जशी वेसाई भिवरेला पावली, तशी तुम्हा आम्हा पावो. कुणाच्या घरचं माणूस मागच्या दारानं गेलं असेल, ते पुढच्या दारानं घरी येवो. सोडा आता मुठी, तांदूळ उंबरठ्यावर वाहा. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचां उत्तरी, न घालता, न गाळता, सुफळ संपूर्ण झाली.