पाचूचा बदलता रंग
फार पूर्वी एका काचकाराच्या भट्टीजवळच्या फळीवर, बरण्यांच्या रांगेतल्या छोट्या कुपीत, पाचू नावाचा स्फटिकाचा अगदी बारीक कण राहत असे. निळ्या तावदानातून ऊन आलं की तो हिरवागार चमके. भट्टी तापली की मात्र त्याचा प्रकाश मंद आणि पिवळट होई.

"तुझा रंगच पक्का नाही. असल्या खोट्या खड्याला मी का सांभाळू?" कुपी म्हणे.

"मी खोटा नाही, ताई. आच वाढली की ती माझ्या रंगात दिसते," पाचू शांतपणे सांगे.

एके दिवशी भट्टी फारच भडकली. पाचू तांबूस होऊन विझत चालला. "ताई, लगेच सरक, नाहीतर तडकशील," तो म्हणाला. कुपी घाबरून घरंगळत फळीच्या गार टोकाला गेली. मागे राहिलेल्या बरण्या तडकल्या.

गारव्यात पाचू पुन्हा हिरवा झाला. कुपी हळूच म्हणाली, "उद्या भट्टी पेटली की मी आधी तुझ्याकडे बघेन."