कोल्हिणीचे केस

माणसांच्या गोष्टी रानालाही तोंडपाठ होत्या, त्या काळातली ही हकिगत.

एका साळूला बाहुल्या करायचा भारी नाद होता. अंगावरच्या काट्याची सुई करून ती गोष्टींतली नावाजलेली पात्रं शिवायची. बघणारे म्हणायचे, "अगदी गोष्टीतलंच!"

एकदा तिने लबाड कोल्हा करायला घेतला. सगळं जमलं, पण शेपटी जमेना. कापूस लावला तर ती सशाची वाटे. शेजारच्या कोल्हिणीने तिची खटपट पाहिली.

"साळूबाई, माझे गळलेले केस चालतील का? पिल्लांच्या बिछान्यात घातलेत, त्यातले देते. पण करतेस काय?"

"आहे एक गंमत," साळू म्हणाली.

कोल्हिणीने अर्धा बिछाना उपसून दिला.

साळूने बाहुल्यांचा खेळ मांडला, तेव्हा सगळं रान जमलं. कोल्ह्याच्या बाहुलीने मित्राला फसवलं, शेजारणीचं अन्न चोरलं आणि शेवटी मार खाल्ला. सगळे पोट धरधरून हसले. पुढे बसलेलं कोल्हिणीचं पिल्लू मात्र नाक वर करून म्हणालं, "आई, ह्याला तुझा वास येतोय!"

हशा थांबला. साळूला मान वर करवेना. कोल्हीण पिल्लांना घेऊन गुपचूप निघून गेली.

संध्याकाळी साळूने शेपटी उसवली आणि केस घेऊन तिच्या दारात उभी राहिली.

"चुकलं माझं, ताई. हे परत घे."

कोल्हिणीने केसांकडे पाहिलं.

"आता नकोत, साळूबाई. लबाडाच्या शेपटीवर झोपणार नाही म्हणतात पिल्लं."